दाजींना मुंबईला न्यायचंय: टाटाचा खर्च, राहायची सोय, अनुभव सांगा

बांधावरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त पावसाच्या आणि सोयाबीनच्या धाग्यावर भांडायला येतो, त्यामुळे हा धागा माझ्या नावावर बघून काही जणांना नवल वाटेल.

आमच्या दाजींना (थोरल्या बहिणीचे यजमान, वय ४६) उजव्या गालात आतून जखम होती. चार महिने भरून येईना. तोंड उघडायला त्रास, भाकरी चावता येईना. आधी दाढ म्हणून दाखवलं, मग कोणी म्हणालं तोंड आलंय. शेवटी लातूरला तुकडा काढून तपासला आणि रिपोर्ट कॅन्सरचा आला. डॉक्टर म्हणाले, अजून हाताबाहेर गेलेलं नाही, पण वेळ घालवू नका, मुंबईला टाटाला न्या.

त्या दिवसापासून घरी स्वयंपाक होतो पण जेवत कोणी नाही. दाजींची साडेतीन एकर कोरडवाहू. त्यांचे भाऊ म्हणतात दीड एकर काढावी लागणार, गिऱ्हाईक बघून ठेवू. एक पाहुणे येऊन सांगून गेले, "एवढा पैसा घालून माणूस राहतंयच असं नाही, पोरांचं बघा." हे बहिणीच्या तोंडावर.

खर्च खरंच जमीन विकण्याएवढा येतो का? मुंबईत आमचं कोणी नाही, तर राहायचं कुठं आणि किती दिवस? आणि दाजींना अजून नुसतं 'गाठ आहे' एवढंच सांगितलंय, पुढचं सांगावं का? ज्यांच्या घरी हे होऊन गेलंय त्यांनी लिहा. धीर देणारे मेसेज व्हॉट्सॅपवर भरपूर आलेत, ते पुरेत.

---

रानजाई

जमीन विकू नका. निदान आत्ता तरी नाही. गिऱ्हाईक बघण्याऐवजी आज संध्याकाळी दाजींची शिधापत्रिका आणि आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवून बघा. नाव, वडिलांचं नाव, वय, सगळं सारखं आहे का?

माझ्या सासूबाईंना छातीत गाठ निघाली तेव्हा आम्हीही आधी सोनं मोजायला बसलो होतो. मग शेजारच्या आशाताईने (आशा सेविका, नाव नव्हे) महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं सांगितलं. पूर्वी ही राजीव गांधी जीवनदायी म्हणून होती. आता आयुष्मान भारतबरोबर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत विनारोख उपचार मिळतात. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो, सगळ्यात आधी त्याच्याकडे जायचं. एक गोष्ट गाठ मारून ठेवा: मंजुरी आधी, उपचार नंतर. खिशातून भरून टाकलं आणि मग योजनेत बसवा म्हणालात तर ते पैसे परत येत नाहीत.

आमच्याकडे एका कागदावर सासूबाईंच्या नावापुढे 'बाई' होतं आणि दुसऱ्यावर नव्हतं. त्या एका 'बाई'पायी अकरा दिवस गेले.

---

तिरकस

कागदावरही बाईला किंमत नाही, हे पुन्हा एकदा सिद्ध झालं.

बांधावरचा, तुमच्या त्या पाहुण्यांना पुढच्या वेळी चहा देऊ नका.

---

मनमाडकर

मी भावाबरोबर आठ महिने टाटाच्या फेऱ्या केल्या, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे कागद. लातूरचा रिपोर्ट नुसता नेऊ नका. जिथे तुकडा तपासला त्या लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक म्हणजे तुमच्या दाजींच्या गालाचा तुकडा मेणात बसवलेला असतो तो. टाटावाले दुसऱ्याच्या रिपोर्टवर ऑपरेशन करत नाहीत, स्लाइड स्वतः बघतात. ब्लॉक नसेल तर पुन्हा तुकडा काढावा लागू शकतो, म्हणजे पुन्हा दुखणं आणि पुन्हा आठवडा. लॅबवाले "लागत नाही हो" म्हणतील. तरी घ्या. शर्टाच्या खिशात ठेवू नका, आमच्या एका स्लाइडचा चुरा झाला होता.

दुसरं, तिथे जनरल आणि प्रायव्हेट असे दोन वर्ग असतात. लोकांना वाटतं प्रायव्हेटमध्ये चांगले डॉक्टर. तसं नाही. गालाच्या केसचा निर्णय एकटा डॉक्टर घेतच नाही. सर्जन, किमोवाले, शेकवाले (शेक म्हणजे रेडिएशन) एकत्र बसून ठरवतात. फरक खोलीचा, वेळेचा आणि बिलाचा. तुम्ही जनरलच घ्या. साधारण ६० टक्के पेशंटवर तिथे मोफत किंवा अगदी नाममात्र पैशात उपचार होतात. त्यात आपण बसतो की नाही हे नोंदणीच्या वेळीच विचारा आणि समाजसेवा विभागाचं दार कुठे आहे तेही विचारून ठेवा. ते दार शोधायला आम्हाला तीन आठवडे लागले, कारण आम्हाला मागायची लाज वाटत होती.

तिसरं, वाट बघायची तयारी ठेवा. पहिल्या दिवशी ऑपरेशनची तारीख मिळणार नाही. नोंदणी, मग तपासण्या, मग रिपोर्टची वाट. अख्खं गाव बरोबर नेऊ नका. आतबाहेर करायला एक आणि दाजींजवळ बसायला एक, एवढे पुरे.

जाता जाता: हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. उपचाराला त्या परदेशात होत्या, कारण इथे काही नव्हतंच. त्यातून टाटा ट्रस्टने हे उभं केलं. १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. अणुबॉम्बवाल्यांकडे कॅन्सरचं रुग्णालय कसं, हा प्रश्न मला रांगेत बसल्या बसल्या पडला होता, मग एका तंत्रज्ञाने सांगितलं की रेडिएशनचा संबंध.

---

दुपारची_झोप

मनमाडकर, +१. ब्लॉकचं कुणीच सांगत नाही. वाचनखूण साठवली.

---

कोकणी_फणस

राहण्याचं मी सांगतो. आईला घेऊन सात आठवडे होतो.

परळला उतरल्यावर लॉजवाले मागे लागतात. शक्यतो टाळा, दोन दिवसांत खिसा रिकामा. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळलाच नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. टाटाचं स्वतःचं डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्या नावाचं घर वांद्र्याला आहे. रुग्णालयासमोरचा रस्ताही त्यांच्याच नावाचा. हे डॉक्टर टाटात सर्जन होते. लहान मूल आजारी असेल तर सेंट ज्यूड नावाची संस्था आईबापासकट राहायची मोफत सोय करते, २००६ पासून. तुम्हाला ते लागणार नाही, पण हा धागा पुढे कोणीतरी वाचेल म्हणून लिहून ठेवतो.

आता खरं सांगतो. या ठिकाणी पहिल्या दिवशी जागा मिळेलच असं धरून चालू नका. रुग्णालयाचं पत्र लागतं, यादी असते. पहिल्या दोन-तीन रात्रींची वेगळी सोय डोक्यात ठेवा. तुम्हाला फुटपाथवर ताडपत्री बांधून राहिलेली कुटुंबं दिसतील. घाबरून जाऊ नका, आणि त्यांच्याशी बोला. आम्हाला सगळ्यात जास्त माहिती तिथूनच मिळाली. कुठल्या मजल्यावर काय, कोण संध्याकाळी जेवण वाटतं, औषध कुठे स्वस्त, सगळं. बिहारच्या एका बाईंनी माझ्या आईला नाकातल्या नळीतून पेज कशी घालायची ते शिकवलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आई अजून तिला 'माझी परळची बहीण' म्हणते.

---

निसर्गमित्र७

मुंबईला जाण्याआधी एकदा लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा देऊन बघा. किमोपेक्षा हजारो पट ताकदवान आहे. औषध कंपन्या हे दाबून ठेवतात. आमच्या ओळखीत एकाची गाठ विरघळली.

---

स्टेथो_खुंटीला

निसर्गमित्र७, मी याच विषयातला डॉक्टर आहे, म्हणून रागावून नाही, हात जोडून लिहितो. तो 'हजारो पट' आकडा काचेच्या भांड्यातल्या पेशींवरून आलाय. भांड्यातल्या पेशी मारायला ब्लीचिंग पावडरही चालते. माणसावर असा काही परिणाम सिद्ध झालेला नाही. गालाचा कॅन्सर काढ्यासाठी थांबत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांतले कितीतरी जण असे दोन-तीन महिने घालवून येतात, आणि मग जे एका ऑपरेशनमध्ये मिटलं असतं त्यात जबडा जातो.

बांधावरचा, औषधाच्या खर्चाबद्दल थोडं. लोकांच्या डोक्यात जे आकडे आहेत ते बरेचसे जुने आहेत. लिव्हर आणि किडनीच्या कॅन्सरवरच्या सोराफेनिब या गोळ्या एके काळी महिन्याला २ लाख ८० हजारांना पडायच्या. मार्च २०१२ मध्ये भारत सरकारने देशातला पहिला सक्तीचा परवाना दिला (म्हणजे पेटंट असतानाही दुसऱ्या कंपनीला तेच औषध बनवायची परवानगी) आणि त्या ८,८०० रुपयांत मिळायला लागल्या. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने रक्ताच्या कॅन्सरवरच्या इमॅटिनिबचं पेटंट नाकारलं, त्यामुळे स्वस्त जेनेरिक टिकून राहिलं. त्या खटल्यात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनही उभी होती. म्हणजे पेशंटांची संस्था थेट औषध कंपनीसमोर. २०१९ मध्ये ४२ कॅन्सर औषधांच्या विक्रीतला नफा ३० टक्क्यांवर रोखला, काही औषधं ८० टक्क्यांहून जास्त उतरली.

आणि संशोधनाचं सांगतो, कारण स्वस्त म्हणजे हलकं असं घरोघरी वाटतं. तोंडाचा-घशाचा कॅन्सर पसरलेला असेल तर निवोलुमॅब नावाचं इंजेक्शन असतं, पूर्ण मात्रा सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची. टाटाच्या डॉक्टरांनी नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, कमी मात्रेच्या गोळ्यांबरोबर देऊन पाहिलं. वर्षभराने हयात असलेल्यांचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं ते. तुमच्या दाजींना हे लागेल असं मुळीच नाही, तुमच्या वर्णनावरून त्यांचा रस्ता ऑपरेशनचा दिसतो. पण 'पैसा नाही म्हणजे उपाय नाही' हे वाक्य घरात चालू देऊ नका.

---

रानजाई

स्टेथो, सासूबाईंच्या ऑपरेशनआधी गाठीभोवती भूल द्यायचं औषध टोचतात असं ऐकलं होतं, ते खरं का?

---

स्टेथो_खुंटीला

खरं आहे. लिडोकेन. दात काढताना देतात तेच. ऑपरेशनच्या जरा आधी गाठीभोवती टोचायचं. ११ केंद्रांत सुमारे १,६०० बायकांवर अभ्यास झाला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी हयात असलेल्या ८६ वरून ९० टक्के. औषध इतकं स्वस्त की त्याची जाहिरात करायला कोणती कंपनी येणार नाही.

---

तिरकस

म्हणून तर आम्हाला माहीत नव्हतं.

---

पेन्सिल

दाजींना सांगायचं का, यावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

आम्ही वडिलांना तीन महिने 'अल्सर' म्हणून फसवलं. डॉक्टरांना खुणा करायचो, रिपोर्ट पदराआड. घरात 'कॅन्सर' शब्द नाही, आत्या तर नुसतं 'ते' म्हणायची, 'त्यांचं ते कसंय?' एक दिवस शेकाच्या रांगेत वडील शेजारच्या पेशंटला म्हणाले, "माझा अन्ननलिकेचा, दुसरी पायरी. घरच्यांना सांगू नका, त्यांना वाटतं मला माहीत नाही." मी मागेच पाण्याची बाटली घेऊन उभी.

ज्या दारातून तुम्ही दाजींना आत नेणार त्यावर ठळक अक्षरांत काय लिहिलंय ते त्यांना वाचता येतं. त्यांना माहीत असणारच. फक्त तुमच्याशी बोलता येत नसणार. सांगा, पण एकट्याने सांगू नका. डॉक्टरांना म्हणा, यांच्यासमोरच बोला. आणि सगळं एकाच दिवशी ओतायचं नसतं. ते जेवढं विचारतील तेवढं सांगायचं, खोटं मात्र सांगायचं नाही.

---

बांधावरचा

सगळ्यांचे आभार. आधार आणि शिधापत्रिका बघितली. दाजींचं वय एकात ४६, दुसऱ्यात ५१. बहिणीला त्याही अवस्थेत हसू आलं, म्हणाली लग्नात किती सांगितलं होतं ते बघते आता.

जमिनीचं बोलणं थांबवलंय. दाजींचे भाऊ रुसलेत. लातूर एक्स्प्रेसने परवा निघतोय. दाजींना अजून सांगितलं नाही, पेन्सिलताईंचं वाचून रात्रभर झोप लागली नाही.

---

मनमाडकर

रेल्वेची सवलत घ्या. उपचाराला जाणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीत भाडं पूर्ण माफ, बरोबरच्या एकाला त्याच डब्यात ७५ टक्के सूट. रुग्णालयाचा ठरावीक फॉर्म सही-शिक्क्याचा लागतो आणि तिकीट खिडकीवर काढावं लागतं, मोबाइलवर नाही. पहिल्या खेपेला कदाचित जमणार नाही, पण तिथे पोचल्यावर फॉर्म भरून घ्या. पुढे तपासणीच्या फेऱ्या वर्षानुवर्षं असतात. एसटीतही सवलत आहे.

---

लिंबोणी

एक विचारू का? टाटाच का? सगळे मुंबईला धावतात. माझे काका बार्शीला बरे झाले. बांधावरचा, तुमची लातूर एक्स्प्रेस बार्शीवरूनच जाते! तिथे नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय आहे, टाटाशी जुना संबंध आहे. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये तिथूनच सुरू झाली. नागपूरला तुकडोजी महाराजांच्या नावाचं आहे, छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॅन्सर रुग्णालय आहे. चिपळूणजवळ डेरवणला सोय आहे. काकांना सहा आठवडे शेक घ्यायचे होते. घरून डबा यायचा, रविवारी नातवंडं यायची. माणूस घराजवळ असला की अर्धं दुखणं तिथंच कमी होतं.

---

कोकणी_फणस

लिंबोणी, मान्य, पण पहिला निर्णय मोठ्या ठिकाणी व्हावा असं मला वाटतं. ऑपरेशन कुठे, शेक कुठे, हे वेगवेगळं करता येतं.

---

स्टेथो_खुंटीला

दोघंही बरोबर. राष्ट्रीय कॅन्सर ग्रिड म्हणून २०१२ पासून एक जाळं आहे, आता त्यात देशभरातली ३०० हून जास्त रुग्णालयं आणि संस्था आहेत. उपचाराच्या पद्धती एकसारख्या असाव्यात हाच उद्देश. ही मंडळी औषधंही एकत्र घाऊक भावाने घेतात. टाटातल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "शेक गावाजवळ घेतले तर चालतील का?" चालणार असतील तर ते पत्र देतात. विचारलंच नाही तर त्यांना कसं कळणार की तुमची म्हैस कोण धुतंय.

---

तिरकस

मी जरा कडू बोलतो. इथे सगळे धर्मशाळा, दानशूर, माणुसकी यांचं कौतुक करतायत. चांगलंच आहे. पण फुटपाथवर झोपलेल्या माणसाला माणुसकी मिळाली म्हणून आपण गहिवरायचं, आणि तो फुटपाथवर का झोपलाय हे विचारायचं नाही? महाराष्ट्रात धर्मादाय म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन पेशंटला मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये योजना घालून दिली आहे. ही भीक नाही, कायदा आहे. माझ्या मावशीला एका मोठ्या रुग्णालयात (नाव लिहीत नाही) "त्या खाटा भरल्यात" असं तोंडी सांगून परत पाठवलं. मी म्हटलं लेखी द्या. लेखी मागितल्यावर तासाभरात खाट रिकामी झाली. बघा, चमत्कार.

---

पेन्सिल

तिरकस, पहिल्यांदाच तुमचा प्रतिसाद पूर्ण वाचला. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो ना?

---

तिरकस

हो. किंवा दारिद्र्यरेषेचं कार्ड. पहिल्यांदाच? दुखावलो.

---

आगगाडी_डबा

गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे ना? मग बिचाऱ्या दाजींसारख्यांना मिळतो कुठे?

---

लिंबोणी

आमच्याकडे शाळेपासून बारा पावलांवर. मोजलेत.

*(यापुढे गुटखाबंदी, टपऱ्या आणि पोलिसांवर चौदा प्रतिसाद झाले. ते वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. इथे मूळ विषयावरच लिहावे. – संपादक मंडळ)*

---

शेवंता

लिहू की नको, चार दिवस ठरत नव्हतं. कारण आमची गोष्ट बरं होण्याची नाही. बांधावरचा, तुम्ही हे नाही वाचलंत तरी चालेल.

आईचा कॅन्सर स्वादुपिंडाचा, कळला तेव्हाच पसरलेला. आम्ही दोन ठिकाणी फिरलो. एका ठिकाणी डॉक्टर फाइल बंद करत म्हणाले, "आता काही करण्यासारखं नाही, घरी घेऊन जा." घरी काय करायचं ते कोणी सांगितलं नाही. आई पाच आठवडे बसून झोपायची, उशी पोटाशी धरून. आडवं होताच येत नव्हतं. रात्री ती ओरडू नये म्हणून पदर तोंडात धरायची, शेजारच्यांना त्रास नको म्हणून.

मग कोणीतरी पुण्याला वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह (म्हणजे दुखणं-त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) केंद्राचं सांगितलं. १९९७ पासून आहे, पैसे घेत नाहीत. (मुंबईकडच्यांसाठी वांद्र्याला शांती आवेदना सदन आहे, १९८६ चं, देशातलं पहिलं.) मला वाटलं, मरायला नेतोय. तिथे पहिल्या दिवशी डॉक्टर आईला दुखण्याचे आकडे विचारत बसल्या. शून्य ते दहा, आत्ता किती? उठताना किती? आई म्हणाली, "बारा."

त्यांनी तोंडावाटे द्यायचं मॉर्फिन सुरू केलं. मी घाबरले, सवय लागेल म्हणाले. त्यांनी शांतपणे सांगितलं की दुखण्यासाठी मोजून दिलं तर असं होत नाही, पोट मात्र साफ होणार नाही, म्हणून त्याबरोबर जुलाबाचं औषध रोज. मॉर्फिन काही महाग नसतं. पूर्वी त्याला परवान्यांवर परवाने लागायचे, २०१४ मध्ये कायदा बदलला आणि वाट जरा मोकळी झाली. तरीही आम्हाला आधी पाच आठवडे ते कोणी दिलं नव्हतं, हे मी विसरू शकत नाही.

तिसऱ्या रात्री आई आडवी झोपली. डाव्या कुशीवर, पाय दुमडून, माझ्या लहानपणी झोपायची तशी. मी आणि भाऊ दोघं बघत बसलो. सकाळी उठून तिने विचारलं, ग्रामपंचायतीत कोण निवडून आलं? निवडणूक होऊन महिना झाला होता.

त्यानंतर ती सात आठवडे होती. त्यात तिने भावाच्या बायकोशी बारा वर्षांचं भांडण मिटवलं आणि माझ्याशी एक नवीन काढलं. तुम्ही सगळे इथे बरं होण्याच्या आशेबद्दल लिहिताय. आम्हाला ती नव्हती. आम्हाला आई आडवी झोपलेली बघायला मिळाली. मला ते कमी वाटत नाही.

---

दुपारची_झोप

🙏

---

रानजाई

शेवंता, नवीन भांडण कशावरून?

---

शेवंता

माझ्या लोणच्यात मेथी जास्त होते म्हणे. शेवटपर्यंत माघार घेतली नाही.

---

स्टेथो_खुंटीला

शेवंता, तुमचा प्रतिसाद माझ्या विभागातल्या शिकाऊ डॉक्टरांना वाचून दाखवू का? "काही करण्यासारखं नाही" हे वाक्य मीही पूर्वी बोललोय.

---

शेवंता

दाखवा. लोणच्याचं सोडून.

---

बांधावरचा

मंडळी, दोन महिने झाले. इथे यायला वेळ नव्हता, जमेल तसं लिहितो.

स्लाइड आणि ब्लॉक मागायला गेलो तर लॅबवाला म्हणाला लागत नाही. मनमाडकर, तुमचं वाक्य त्याला मोबाइलवर दाखवलं. दिला.

मुंबईत पहिल्या चार रात्री वाईट गेल्या. मग दादरला जागा मिळाली. खोलीत आणखी दोन कुटुंबं, एक जळगावकडचं आणि एक ओडिशाचं. दाजींना सांगायचं राहिलंच होतं. तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सरळ दाजींकडे बघून विचारलं, तुम्हाला काय झालंय ते माहीत आहे का? दाजी म्हणाले, "कॅन्सर. मेव्हण्याला सांगू नका, त्याला झोप लागत नाही."

ऑपरेशन सात तास चाललं. गालाचा भाग काढून छातीचं मांस लावलं. जबडा थोडा गेला, पूर्ण नाही. नळीतून पोटात घालायला मी शिकलो. वॉर्डातल्या सिस्टर रोज यायच्या आणि दाजींना बोलता येत नसताना पाटी-पेन्सिल देऊन विचारायच्या, आज पाऊस पडणार का? शेतकरी आहेत हे फाइलवर वाचलं असणार. दाजी लिहायचे: 'नाही'. जूनअखेर होती आणि बाहेर धो धो पडत होता. त्यांचा अंदाज गावात असतानाही असाच असायचा.

मग स्टेथोंनी सांगितल्याप्रमाणे विचारलं, शेक गावाकडे चालतील का? चालतील म्हणाले, पत्र दिलं. आता बार्शीला रोज शेक, शनिवार-रविवार सुट्टी. तीसपैकी अकरा झाले. आधी दात तपासून दोन काढून टाकले. तोंड उघडावं म्हणून आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातात धरायचा व्यायाम दिलाय. सुरुवातीला सहा काड्या जायच्या. काल अकरा गेल्या, बहिणीने भिंतीवर रेघ मारली.

खर्चाचं: योजना आणि समाजसेवा विभाग दोन्हींचा उपयोग झाला. वयाची दुरुस्ती व्हायला नऊ दिवस लागले (रानजाईंच्या 'बाई'पेक्षा दोन कमी). तरी राहणं, जाणं-येणं, बुडालेली मजुरी, हे कुठल्याच योजनेत बसत नाही. एक म्हैस विकली. जमीन आहे तशी आहे, पेराही झाला, भावानेच केला. रुसून केला, पण केला.

पुढचं काय होईल हे डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. दोन वर्षं तपासणीला नीट येत राहा म्हणाले.

---

तिरकस

म्हैस कोणाला विकली? पाहुण्यांना नाही ना?

---

बांधावरचा

त्यांनीच घेतली. भाव पाडून.

आणि एक राहिलं. काल दाजींनी हा अख्खा धागा वाचला. त्यांनी लिहून दिलंय ते जसंच्या तसं टाकतो: "आगगाडी डबा यांनी मला बिचारा म्हटलं ते मला आवडलं नाही. दुसरं, मी गुटखा खात नव्हतो. तंबाखू आणि चुना खात होतो. गुटख्यावर पैसे घालवणारा माणूस मी नाही."

---

स्टेथो_खुंटीला

दाजी, नमस्कार. तंबाखू-चुना पण तेच करतो. काड्या चालू ठेवा.

---

आगगाडी_डबा

माफी मागतो दाजी. उद्या बारा काड्या जाऊ द्या.